पितळ की लोखंड

किल्लीवाल्या काकांचं दुकान अर्धं हातावर चाले, अर्धं जिभेवर. किल्ली घासून होईपर्यंत गिऱ्हाईक हसून बेजार.

मग कंपवाताने हात कापायला लागला. डॉक्टरांनी मेंदूत खोलवर तारा सोडल्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवली, आणि हात असा थांबला की काकांना तो दुसऱ्याचाच वाटला. पण करंट वाढवला तशी जीभ जड झाली. विनोद केला की गिऱ्हाईक विचारी, "काय?" दोनदा "काय?" झालं की विनोद मेलाच समजायचा.

डॉक्टर म्हणाले, करंट चालू ठेवून मेंदूचा एमआरआय काढू. तारेचं कुठलं टोक हाताला उपयोगी आणि कुठलं जिभेच्या आड येतंय ते दिसलं, तर कदाचित दोन्ही सांभाळता येईल. आजची वेळ हुकली तर पुढची कित्येक महिन्यांनी.

म्हणून तर तपासणीवाल्या मुलीने विचारलं तेव्हा काकांनी सरळ नकाराची मान हलवली. ऑपरेशननंतर डोळ्यात धातूचा कण वगैरे गेला होता का? आत भलंमोठं चुंबक आहे, कण हलला तर डोळा जाईल, असंही तिने समजावलं. नाही म्हणजे नाही.

खरं तर महिन्यापूर्वी, हात बरा झाल्याच्या तोऱ्यात, काकांनी चष्मा न लावता मशीन चालवलं होतं. डोळ्यात काहीतरी उडालं. पाण्याने धुतलं, काकूंना धूळ म्हणून सांगितलं. आता ते चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःची समजूत घालत होते. पितळच असणार. पितळ चुंबकाला भीक घालत नाही. पण त्याच दिवशी एका तिजोरीची लोखंडी किल्लीही घासली होती. कण कुठल्या किल्लीचा, काही केल्या आठवेना.

खुर्ची दाराकडे निघाली. आतलं यंत्र रिकामं असूनही चिवचिवत होतं.

"डोळ्यात लोखंड," काका म्हणाले.

मुलगी हसली. डोक्यात लोखंड, छातीत लोखंड, बायकोच्या बोलण्यातही लोखंड, असं त्यांनी सकाळीच ऐकवलं होतं. पुरे हां काका, म्हणत तिने खुर्ची पुढे रेटली. काका पुन्हा बोलले, पण घाईत जीभ पारच अडकली. तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. तिने बोटं सोडवून पाहिली. ती जागची हलेनात.

बाकावरून काकू उठल्या. काकांचं बोलणं हल्ली फक्त त्यांनाच कळे. त्यांनी कान तोंडाशी नेला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मशीनवर डोळ्यात कण गेलाय म्हणतायत." मग काकांकडे वळून, "धूळ होय?"

डोळ्याच्या एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका निघाला. एमआरआय रद्द. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग नव्याने रांग. मेंदूचे डॉक्टर खाली आले. तोवर करंट थोडा उतरवता येईल म्हणाले. जीभ सुटेल, हात मात्र कापेल, दुकान बंद ठेवावं लागेल. काय करायचं?

काकूंचं तोंड अजून फिरलेलं होतं. काकांनी तिकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"कापू दे हात. घरी गेल्यावर हिला उत्तरं द्यायची आहेत."