पेशी सुटेपर्यंत चहा बंद

मागं मी एक नवस बोलले होते: लेकीच्या पेशी सुटू देत, तोवर चहा घेणार नाही. घरात संशोधन करणारं माणूस असलं की किस्से आंबवलेल्या पिठासारखे फुगत जातात. त्यातले हे थोडे.

लेक स्वाती पुण्यात पीएचडी करते. विषय यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारे बारीक जीव. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाली, "ही आईपेशी, ही लेकपेशी. शेवटी मधली भिंत कापली जाते आन् लेक सुटी होते. ह्यातला एक जीन मी काढलाय." सगळ्या पेशी घोसानं चिकटलेल्या. मला कसंतरीच झालं. शिरूरला आमच्या आळीतल्या देवीपुढं उभी राहून नवस बोलले.

*

दौंडला माझ्या माहेराशेजारी इस्माईलमामांची बेकरी आहे. स्वातीचा विषय ऐकून त्यांचा मळता हात थांबला. "पोरी, आमचा जल्म यीस्ट वाढवण्यात गेला. आन् तू त्यातलं काढून टाकायला शिकतीस व्हय?"

जाताना टोस्टचा पुडा दिला. "सरांना दे. म्हणावं, पोरीला लवकर पास करा."

*

एका रविवारी स्वाती तोंड पाडून आली. "आई, प्रयोग पुन्हा केला. ह्या वेळी पेशी सुटल्या."

मी चहाचं आधण ठेवलं.

"अगं, चिकटायला पाहिजे होत्या! जीन काढला की चिकटतात, हेच दाखवायचंय. न्हाई जमलं तर सर थिसिस पुढं पाठवणार न्हाईत."

चहा मोरीत ओतला. देवीला सांगून यायला निघाले, तर आमचे हे म्हणाले, "नवस म्हंजी काय एसटीचं तिकीट हाय का, कॅन्सल करायला?"

तरी गेले. नारळ ठेवून म्हटलं, "मागचं सोड. चिकटूनच राहू देत."

*

पेशी चिकटल्या. मी हात जोडले, तर स्वाती म्हणाली, "आता तोच जीन परत घालणार. त्या सुटायला पाहिजेत. दोन्ही प्लेटी शेजारी ठेवून दाखवायच्यात."

तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं जायचं? मग तिच्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतली: 'डावी प्लेट चिकटलेली, उजवी सुटलेली.' देवळातल्या गुरवांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"ताई, डावी कुणाची? तुमची का देवीची?"

मी तिथनंच स्वातीला फोन लावला.

थिसिस पुढं गेला, चहा सुरू आहे. तुम्हीही लेकराबाळांसाठी नवस बोलाल, तर असंच लिहून द्या. आणि बाजू आधी विचारून घ्या.