टीव्ही गेममधली तंबाखू

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी बेळगावला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. घर निपाणीत. वडील बस डेपोत फिटर होते आणि आई घरी बसून विड्या वळायची. आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काहीच वाटायचं नाही. पण आक्काला वडगावात दिलं होतं आणि तिनं सासरी सांगून ठेवलं होतं, आईनं विड्या वळणं कधीच सोडलंय. ती आणि दाजी येणार असले की आई सूप, पानं, तंबाखू सगळं माळ्यावर टाकायची.

दाजींच्या भावानं दुबईहून टीव्ही गेम पाठवला होता. एक काळा डबा आणि त्याला वायरीनं जोडलेली दोन बटणं. बटण फिरवलं की पडद्यावरची पांढरी दांडी वर-खाली व्हायची आणि चेंडू परतवायची. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, आमच्याकडे नुकताच आला होता, म्हणून दिवाळीत दाजी तो डबा आमच्याकडेच ठेवून गेले. उन्हाळ्यात त्यांनीही टीव्ही घेतला आणि मी सुट्टीला घरी असताना एका रविवारी दोघं न कळवता स्कूटरवरून डबा न्यायला आली. आईनं घाईनं सूप कॉटखाली सरकवलं.

न्यायच्या आधी चालवून बघावा म्हणून दाजींनी डबा जोडला. दांडी थरथरायला लागली, उड्या मारायला लागली आणि मग गायबच झाली.

"आता गं? दुकानात न्यायला लागतंय वाटतं," आक्का म्हणाली.

"इंजिनिअर घरात असताना दुकान कशाला?" दाजी माझ्याकडे बघून म्हणाले. ते अगदी कौतुकानं म्हणत होते.

मलाही फुशारकी वाटली. उंबऱ्यापाशी उजेडात बसून मी स्क्रू काढले. बटणाचं झाकण उघडलं आणि आत तपकिरी, बारीक भुकटी. वास तर असा उठला की शेजारी वाकलेले दाजी शिंकायलाच लागले.

"हे काय गं? तंबाखू?"

"धूळ आहे," मी म्हणाले. माझे कान तापले. आक्का खाली फरशीकडे बघत होती.

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "धूळ न्हवं, पावणं. तंबाखूच हाय ती. मी हितंच बसून वळतो की विड्या."

दाजी उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले आता. पण ते स्कूटरमधलं थोडं पेट्रोल वाटीत घेऊन आले आणि म्हणाले, "यानं निघंल बघ."

बटणाच्या आत एक काळी पट्टी होती, तिच्यावरून पत्र्याची छोटी जीभ फिरायची. भुकटी नेमकी त्या दोन्हींच्या मधे बसली होती. कापूस पेट्रोलमध्ये बुडवून मी पुसत राहिले. पुसताना एक वायर तुटली; ती कॉलेजातून आणलेल्या सोल्डरिंग आयर्ननं जोडली. आक्का एकदाही जवळ आली नाही.

शेवटी दांडी सरळ चालायला लागली. दाजी हरखले. "आई, या की. तुम्ही पण खेळा एक डाव."

"नको. माझ्या हाताला वास हाय," आई म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

ते हात मी लहानपणापासून बघत आले होते. ते असे लपवलेले मात्र कधी बघितले नव्हते. मला दाजींच्या तोंडाकडे बघवेना, आईकडे तर नाहीच. निघताना आक्का दारात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुला उघडायलाच काय पडलं होतं?"

दुसऱ्या दिवसापासून आई घरामागच्या परड्यात पत्र्याच्या छपराखाली वळायला बसली. तिथं ऊन नुसतं भाजायचं. वडील म्हणाले, "आत ये की. आता तो डबा पण न्हाय घरात." ती आली नाही.

पुढच्या वेळी आक्का आली तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. दाजींनी म्हणे घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. तिच्या सासूनं ऐकून घेतलं आणि कौतुकानं एवढंच विचारलं, "या वयात विड्या वळत्यात म्हंजे त्यांची नजर लई चांगली असणार, न्हवं?" सांगताना आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी परड्यात जाऊन आईला ते सांगितलं. हातातल्या विडीला दोरा गुंडाळत तिनं ऐकलं.

"व्हय?" ती म्हणाली.

पण घरात वळायला ती आली ती पावसाची झड छपराखाली यायला लागल्यावरच.