शेवटचं रीळ येईपर्यंत

राजकीय थरारपट कसा पाहावा, हे साऱ्या उपनगरांत एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. अतिशयोक्ती वाटेल, पण पार्ल्यात ज्यांनी त्यांच्या शेजारी बसून एक तरी सिनेमा पाहिलाय, ते मान डोलावतील. पडद्यावर पिस्तूल निघालं की मामा जांभई देत. "लेखक दमला," म्हणत. गाणं लागलं की बाहेर जाऊन बटाटेवडा खाऊन येत. पण मंत्री सहीसाठी पेन उघडू लागला, की विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा सभ्य गृहस्थ अर्धवट उठून ओरडे, "अरे, करू नको रे सही! वाट लागेल!" एकदा डोअरकीपरने टॉर्च मारला, तर त्यालाच म्हणाले, "तू असतास तर केली असतीस? खरं सांग." तो बिचारा विचारात पडून पायरीवरच बसला.

त्यांचं म्हणणं असं, की खून कोणी केला यात थरार नसतो. बरा माणूस पहिलं खोटं कधी बोलतो, त्यात असतो. खलनायक थोडा तरी पटला पाहिजे, आणि त्या खुर्चीत आपण काय केलं असतं, हा प्रश्न घरापर्यंत सोबत आला पाहिजे. मला तर दूधवाल्याने माप चुकून जास्त घातलं तरी अपराधी वाटतं. पडद्यावरचा मंत्री खोटं बोलला, की घाम मला फुटतो. मामा खूश होऊन पाठीवर थाप मारत, "जावईबापू, असे सिनेमे काढतात ते तुमच्यासाठीच!"

"पुरे हो," मामी म्हणायच्या, "आधीच ते देवाला नमस्कार करतानाही माफी मागतात."

सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी विनोदी सिनेमा लागायचा. वर्षानुवर्षं भांडून मामांनी एकदाची निवड आपल्याकडे घेतली. सेक्रेटरी म्हणाला, "मामा, लोक उठून गेले तर पुन्हा सिनेमाचं नाव काढायचं नाही हं." रविवारी दुपारी हॉल भरला. गोष्ट एका सरळमार्गी मंत्र्याची. त्याच्या जिवलग मित्राने बांधलेला पूल कोसळतो, ते उघड करणाऱ्या इंजिनिअरचा खून होतो, आणि मंत्री चौकशीत साक्षीला उभा राहतो. तो तोंड उघडणार, तोच पडदा पांढरा! प्रिंट एकच, आमच्यात आणि अंधेरीच्या एका मंडळात वाटून घेतलेली. शेवटचं रीळ तिकडून स्कूटरवरून यायचं होतं, ते अजून आलंच नव्हतं. तिकडे टीव्हीवर रविवारचा सिनेमा सुरू व्हायची वेळ झालेली. मामांचा चेहरा उतरला.

"अवो मामा, मारल्यान कोणी ता तरी सांगा!" तळमजल्यावरच्या मालवणी काकू ओरडल्या.

"फासावर द्या, सांगणार नाही," मामा म्हणाले. "तुम्ही सांगा, त्या जागी तुम्ही काय बोलला असता?"

"मी तर बाबा मित्राला वाचवणार," काकूंचा मुलगा म्हणाला.

"आणि पुलावर आपली आई असती तर रे?" त्याच्या बायकोने विचारलं. मग जी जुंपली! वरच्या मजल्यावरून टीव्हीचं संगीत ऐकू आलं. मामांनी दाराकडे पाहिलं. एकही खुर्ची हलली नाही. सेक्रेटरी तर उभा राहून हातवारे करत होता, "खरंच बोलायला हवं यार त्याने, मित्र गेला खड्ड्यात!"

रीळ आलं तेव्हा हॉल एका क्षणात चिडीचूप झाला. मंत्री खरं बोलला आणि एकटा पडला. दिवे लागले तरी लोक बसून होते. मामांनी मात्र शेवट पाहिलाच नव्हता. भिंतीला टेकून ते लोकांचे चेहरे पाहत होते, आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. "पुढच्या वर्षीही तुम्हीच निवडा," सेक्रेटरी म्हणाला. जिन्यात भेटेल त्याला मी न विचारताच सांगत सुटलो, "आमच्या हिचे सख्खे मामा बरं का!"

पुढच्या गणपतीपर्यंत बऱ्याच घरांत व्हिडिओ आले आणि हॉलमधला सिनेमा बंद झाला. मामांनी निवडून ठेवलेला सिनेमा आम्ही दोघांनीच घरी बसून पाहिला. शेवटच्या रिळाच्या सुमारास त्यांनी तो स्वतःच थांबवला, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बोला जावईबापू, तुम्ही काय केलं असतं?"