नव्या घरांचे पडदे

शहराच्या मधोमध जुनी कापडपेठ होती, तेव्हा मास्तरांचं दुकान कुणालाही विचारलं तरी बोट दाखवून सांगत. मास्तर कोट शिवायचे. नोकरीच्या पहिल्या दिवसाचा कोट, लग्नाचा कोट, निवृत्तीच्या समारंभाचा कोट. त्यांच्या कोटात वाकडा माणूससुद्धा सरळ दिसतो, असं पेठेत म्हणत. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि मध्ये लाकडी जिना, तोही असा उभा की नवखा माणूस चढताना पुढे हात टेकायचा.

त्याच घरात वहिनी सून म्हणून आल्या. आज सगळा परिसर त्यांना ‘पडदेवाल्या वहिनी’ म्हणतो. लग्नाला पाच वर्षं होत नाहीत तोच नवरा आजारपणात गेला. मूलबाळ नव्हतं. त्यांचा भाऊ न्यायला आला आणि म्हणाला, “चल ताई, आता इथे तुझं काय राहिलंय?”

मशीनवर एका शाळेच्या नाट्यगृहाचा पडदा अर्धवट पडला होता. वहिनी म्हणाल्या, “शिवण राहिलीय.”

ती शिवण संपली, पण त्या गेल्या नाहीत. मास्तरांनी ‘राहा’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून चहा दोन कप करून एक मशीनशेजारी ठेवू लागले.

पडद्यांबद्दल मात्र त्यांचं मत कधी बदललं नाही. “पडदा म्हणजे काय शिवण आहे, सूनबाई? सरळ जायचं आणि सरळ यायचं. खांदा नाही, बाही नाही, पोट नाही.”

“पोट नाही तेच बरं, बाबा. चार वर्षांनी कुणी उसवून सैल करायला आणत नाही.”

मास्तर नाक मुरडायचे. पण तयार कोटांची दुकानं जागोजाग झाली, मास्तरांची कात्री गंजायला लागली, आणि घर चालायला लागलं ते वहिनींच्या सरळ शिवणीवर. दोघांनाही ते कळत होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलत नव्हते.

पुढे पेठही ओसरली. कचेऱ्या शहराबाहेर गेल्या, घाऊक व्यापारी त्यांच्या मागे गेले. दिवेलागणीनंतर रस्त्यावर उरायची ती कुत्री, गोदामाचा राखणदार आणि मास्तरांच्या दुकानातला एक दिवा. मग एके दिवशी बातमी आली, की हा अख्खा पट्टा पाडून इथे राहायच्या इमारती उठणार आणि जुन्या रहिवाशांना त्यातच घरं मिळणार. सगळ्यांनी होकार दिला. नाही म्हणाले ते एकटे मास्तर.

“मी इथून उभा जाणार नाही,” त्यांनी सांगून टाकलं. “आडवाच जाईन.”

कारण विचारलं तर म्हणत, कापडाचा खरा रंग या दुकानातल्या उजेडातच दिसतो. खरं म्हणजे त्यांचे गुडघे गेले होते. कित्येक महिन्यांत ते जिना उतरले नव्हते. दुकानातल्या उजेडाची गोष्ट ते वरच्या खोलीत पलंगावर बसून सांगत होते. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला हे सांगणार कोण? शेजारचे वहीवाले काका, ज्यांचा मास्तरांशी तीस वर्षांचा घरोबा, त्यांनी बोलणं टाकलं. ‘एका म्हाताऱ्यापायी पेठ लटकली’ हे वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललं जाऊ लागलं. वहिनी खाली मान घालून मशीन मारत राहिल्या. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना स्वतःला नवं घर हवं होतं का, हे दोन्ही बाजूंनी कुणीच विचारलं नाही.

अशात त्यांना एक काम आलं. दोन गल्ल्या सोडून एक नवी उंच इमारत नुकतीच उभी राहिली होती आणि नवव्या मजल्यावर एक नर्सबाई राहायला आल्या होत्या. मापं घ्यायला सोबत येणारी मदतनीस बाई नेमकी त्या दिवशी आली नाही. वहिनींनी पिशवीत मोजपट्टी टाकली आणि सहज म्हणाव्या तसं म्हणाल्या, “बाबा, पट्टीचं एक टोक धरायला कुणी नाहीये. येता?”

“मी? पडद्यासाठी?”

“राहू दे. खुर्चीला बांधीन टोक.”

“खुर्ची काय टोक धरणार!” मास्तर उठलेच.

जिना ते बसून उतरले, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तसे. वहिनींनी पाठ फिरवून दार बंद करायचं नाटक केलं, तसं उतरताना आपण पाहतोय असं त्यांना वाटू नये म्हणून. मग रिक्षा, मग ती इमारत, मग लिफ्ट. लिफ्टमध्ये आरसा होता. मास्तरांनी टोपी नीट केली. नवव्या मजल्यावर दार उघडलं तरी ते बाहेर येईनात. “पोचलो? एवढ्यात? जरा खाली जाऊन पुन्हा येऊ या का?” आणि खरंच ते एकटे खाली गेले आणि परत वर आले. वहिनी दारात उभ्या राहून हसू दाबत होत्या.

नर्सबाईंची मागणी सरळ होती. “माझी रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन झोपायचं, तर भर दुपारी खोलीत अंधार पाहिजे. आधी लांब राहायचे, येण्याजाण्यातच जीव जायचा. आता इस्पितळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. झोप तेवढी राहिलीय.”

“जाड कापड घेऊ,” वहिनी म्हणाल्या.

“जाड कापडाने काय होणार?” खिडकीशी पट्टी धरून उभे असलेले मास्तर बोलले. “अस्तर लाव. कोटाला लावतो तसं, आतून सैल सोडून. कापड लोंबेल तेवढं अस्तर लोंबणार नाही, म्हणून अस्तर खाली दोन बोटं जास्त.” आणि घाईने पट्टीवरचे आकडे बघू लागले, जणू दुसऱ्याच कुणाचं बोलणं आपल्या तोंडून निघालं.

त्याच खिडकीतून खाली जुनी पेठ दिसत होती. मास्तर बराच वेळ शोधत होते. “आपलं छप्पर कुठलं गं?”

वहिनींनी दाखवलं. निळा प्लास्टिकचा कागद, त्यावर दाबून ठेवलेल्या विटा, गंजलेला पत्रा.

“हे आपलं?” मास्तर म्हणाले. “खालून बरं दिसायचं.”

परत आल्यावर जिना चढताना ते मध्येच बसले. वहिनी दोन पायऱ्या खाली थांबल्या, हातात मघाशी नळावरून भरून घेतलेली बादली. नळ खाली अंगणात होता आणि पाणी वर न्यायचं तर हाच जिना.

“दमलात?”

“दमलो.” मास्तर बादलीकडे बघत होते. “हे तू रोज चढवतेस?”

“मग? उडत येतं का?”

“मला वाटायचं,” मास्तर हळूच म्हणाले, “घरात पाणी असतंच.”

वहिनींनी बादली खाली ठेवली. जिन्यात दोघं तशीच बसली, वर-खाली.

“तुला हवंय ना नवं घर? खरं सांग.”

“हवंय.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

त्याच आठवड्यात मास्तरांनी होकार दिला. अट एकच घातली, खाली रस्त्याला लागून दुकान मिळालं पाहिजे. वहीवाले काका वर आले, दारात घुटमळले, आणि जुन्या कोटाची बाही फाटल्याचं निमित्त काढून पुन्हा बोलू लागले.

पण अट घालणं सोपं, पुरी करणं अवघड. रिकाम्या गोदामात रहिवाशांची सभा भरली. बांधकाम कंपनीच्या साहेबांनी भिंतीवर चित्र दाखवलं. उंच इमारती, झाडं, धावायला निघालेली सडपातळ माणसं. तळमजल्यावर सगळीकडे गाड्या.

“आणि दुकानं?” वहिनींनी विचारलं.

“दुकानांची वेगळी इमारत. चौकापलीकडे, दुसऱ्या टप्प्यात.”

‘दुसरा टप्पा’ म्हणजे ‘नंतर बघू’, हे गोदामातल्या मांजरालाही कळलं. वहिनी उभ्या राहिल्या. आयुष्यात चारचौघांत बोललेल्या नव्हत्या. “म्हणजे... मला असं... आता एक नर्सबाई आहेत,” त्यांनी सुरुवात केली आणि मागून कुणीतरी खोकलं. “त्या रात्री-पहाटे या रस्त्याने जातात. रस्त्यात दिवा एकच, आमच्या दुकानाचा. तो असला की त्यांना बरं वाटतं, त्याच म्हणाल्या. तुम्ही वर एवढी घरं बांधताय, चांगलंच आहे. पण खाली नुसत्या गाड्या. मग घरी परतणाऱ्या बाईने हाक मारली तर ओ कोण देणार?”

“हॉर्न!” कुणीतरी ओरडलं आणि सभा हसली. वहिनी लाल होऊन खाली बसल्या.

तेव्हा साहेबांशेजारी बसलेली नकाशे काढणारी मुलगी उठली. वयाने लहान, बोलणं शांत. “मी पहिल्या नकाशात दुकानं काढली होती,” ती म्हणाली. “तो बाजूला पडला. रहिवासी मागत असतील तर मला तो पुन्हा पुढे ठेवता येईल.” साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर खाली बसलीच असती. ती उभीच राहिली. मग वहीवाले काका उठले, मग पेठेतला चष्मेवाला, मग इतर.

त्यावर पुष्कळ दिवस घासाघीस झाली. शेवटी रस्त्याच्या बाजूने दुकानं मिळाली, पण अरुंद. त्यांच्या जागेपायी वरच्या बाल्कन्या आखूड झाल्या, आणि त्यावरून काही जण आजही वहिनींना टोमणे मारतात. शिवाय मास्तरांच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडणारा माणूस होता, त्याच्या नावावर काहीच नव्हतं, तेव्हा त्याला काहीच मिळालं नाही. वहिनी त्याच्यासाठी तीन कचेऱ्यांत जाऊन आल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. तो दुसऱ्या वस्तीत निघून गेला. त्याची आठवण निघाली की त्या आजही विषय बदलत नाहीत, ‘चुकलंच ते’ म्हणतात.

इमारत होईपर्यंत शहराच्या टोकाला एक खोली मिळाली. खिडकीसमोर गोदामाची भिंत. शेगडी आणि पलंग यांच्यामध्ये मशीन, त्यामुळे शिवताना उठायचं तर पलंगावरून जावं लागे. मध्येच बांधकाम रखडलं. महिन्यामागून महिने गेले आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. “सांगत होतो,” एवढंच म्हणायचे. वहिनींना त्या दिवसांत खरोखर वाटलं, की आपणच त्यांना घराबाहेर काढलं.

सावरलं ते नर्सबाईंनी. त्यांचे पडदे बघून इस्पितळातल्या दुसऱ्या नर्सनी विचारलं, मग एका डॉक्टरने, मग रात्रपाळीच्या एका रखवालदाराने. दिवसा झोपणाऱ्या माणसांची शहरात काही कमी नव्हती. वहिनींनी कापडाचा गठ्ठा मास्तरांच्या पुढ्यात टाकला. “अस्तर माझ्याच्याने तसं बसत नाही.”

मास्तरांनी शिवण बघितली. “कसं बसेल? ओढून धरलंयस. सैल सोड, सैल.” आणि सुई मागितली.

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत. दोघांचं भांडण दिवसभर चालायचं, दोऱ्यावरून, चुण्यांवरून, चहात साखर कोणी जास्त घातली यावरून. शेजारची बाई एकदा काळजीने डोकावली, तर मास्तर म्हणाले, “काही नाही हो, आमचं दुकान चालू आहे.”

शेवटी इमारत झाली. घर पाचव्या मजल्यावर. रंगाचा वास होता आणि बोललेलं घुमत होतं. मास्तरांनी भिंतीवर टिचकी मारली, “पुठ्ठ्याची आहे का?” न्हाणीघरात जाऊन नळ उघडला आणि धार बघत उभे राहिले. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, “बाबा, पाणी वाया जातंय!” त्यांनी नळ बंद केला, पण बाहेर लगेच आले नाहीत. वहिनींनीही बोलावलं नाही.

पहिले काही आठवडे सुने गेले. कोण कुणाचं, काही कळत नव्हतं. लिफ्टमध्ये लोक आकड्यांकडे बघत उभे राहायचे. पण नव्या घराला आधी पडदे लागतात. वहिनी पट्टी घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर जाऊ लागल्या आणि घरंच्या घरं त्यांच्या ओळखीची झाली. सहाव्यावरचे रेल्वेतले गृहस्थ आणि त्यांची आई, आठव्यावरचं नवं जोडपं. त्याला राखाडी रंग हवा, तिला पिवळा. वहिनींनी एका खोलीला एक, दुसऱ्या खोलीला दुसरा असा तह करून दिला. तिसऱ्यावर दोन बहिणी राहायच्या. धाकटी म्हणाली, “वहिनी, मला शिकवाल का?” आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसलीसुद्धा.

दुकान मुळात बोळासारखं. त्यात आता तीन मशीन.

“मग मी कुठे बसू?” मास्तरांनी विचारलं.

“बाहेर. दारात.”

“म्हणजे मला बाहेर काढलंत!”

“आत बसून कुणाशी बोलणार तुम्ही?”

मास्तर रुसले, आणि रुसूनच त्यांनी खुर्ची फुटपाथवर नेली. आता तिथे कायम दोन-चार जण उभे असतात. कुणाच्या कोटाचं बटण, कुणाची पँट आखूड, कुणाला नुसतंच बोलायचं. मास्तर आल्या-गेल्याचा खांदा नजरेनेच मोजतात.

परवा वहिनी कापड बेतत होत्या, तेवढ्यात बाहेरून हाक आली. “सूनबाई, या बाई समोरच्या इमारतीत आल्यात राहायला. खिडकी भिंतभर आहे म्हणतात. या आठवड्यात देतो म्हणून सांगितलंय मी.”

“मला न विचारता?”

“तू आधी बाहेर तर ये!”

वहिनींनी कात्री ठेवली, पट्टी गळ्यात टाकली आणि बाहेर आल्या.