त्या हसण्यात मीपण होतो

"हनुवटीच नाही हिला. मानेतून थेट तोंड उगवलंय. हिला मागं घे रे."

वहिनी बोलल्या. वहिनी म्हणजे आमच्या मालकाची बायको. दिवेआगरात त्यांची नारळ-सुपारीची वाडी. वादळानं सुपारी आडवी केली तेव्हा त्यांनी वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. त्या खोल्यांची जाहिरात करायची होती, तिचा फोटो काढत होते. माझी लेक सुजाता तिथंच कामाला. फोन घेते, पाहुण्यांची नावं लिहिते. बी.कॉम. झालेली पोर. साडी नेसून पुढं उभी राहिली होती.

मी बाजूला पहारीवर नारळ सोलत होतो. वयानं मी वहिनींच्या बापासारखा. त्या मला अरे म्हणतात, मी त्यांना अहो म्हणतो. पाहुणे हसले. फोटोवाला हसला.

मीपण हसलो.

खोटं कशाला लिहू. मालक हसला की हसायचं, ही सवय. पोटातून नाही येत ते हसू. पण दात दिसतात.

सुजाता गुमान मागं जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मास्क लावून कामावर आली. कोरोना जाऊन किती दिवस झाले. हिच्या तोंडावर मास्क परत आला. घरी जेवायला पण भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. एक दिवस म्हणाली, "बाबा, हनुवटीचं ऑपरेशन करतात. आत तुकडा बसवतात. मी डॉक्टर बघितलाय."

मी भिंतीकडं बघितलं. तिथं तिच्या आईचा फोटो आहे.

सुजाताची हनुवटी तिच्या आईचीच. लग्न होऊन आली तेव्हा या वहिनींची सासू ओट्यावरून ओरडली होती, "बायको अर्धीच दिली काय रे तुला?" तेव्हापण मी हसलो होतो. त्या दिवसापासून माझ्या बायकोनं पदर हनुवटीवर ओढला तो सोडलाच नाही. भातलावणी करताना पदराचं टोक दातात. गेल्या वर्षी वारली. विहारात पुण्यानुमोदनाला फोटो पाहिजे होता. सगळं घर धुंडाळलं. हनुवटी दिसंल असा एक फोटो नाही. पदरासकटच भिंतीवर गेली. आता डोळे मिटले तर मलाही तिचं तोंड अर्धंच आठवतं. मग मी लेकीकडं बघतो. आणि लेक मास्क लावून बसलेली.

डॉक्टरकडं तिच्यासोबत मीपण निघालो. दिघीवरून फेरीबोटीनं आगरदांडा, पुढं एसटीनं अलिबाग. दवाखान्यात सगळं पांढरं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला नाही कळायचं."

जन्मभर बाहेरच बसलो. बायकोच्या शेवटच्या दुखण्यातपण बाहेर बसलो, एक शब्द विचारला नाही.

"कळंल का न्हाय ते आत बसल्यावर बघू," म्हटलं आणि गेलो.

डॉक्टर पोरसवदा होता. मी विचारत सुटलो. तुकडा सरकला तर? पिकला तर? बेशुद्ध कोण करणार, त्याचं शिक्षण काय? तुम्ही अशी किती केलीत? बिघडल्यावर कुणाच्या दारात यायचं? त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "काका, बरोबर विचारताय. सरकू शकतो. पिकला तर काढावा लागतो. काढल्यावर तोंड होतं तसंच होईल, असं मी लिहून देणार नाही. खालचा ओठ बधिर पडतो. बहुतेक वेळा परत येतो, कधीकधी नाही येत." मग तिला म्हणाला, "आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. जबडाच मागं असेल तर नुसत्या तुकड्यानं भागत नाही, हाड पुढं घ्यायचं वेगळं ऑपरेशन असतं. घाई कसलीच नाही."

आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला स्वतःला हे कधीपासून खटकतंय?"

सुजातानं मास्क काढला. माझ्याकडं बघितलं नाही.

"बाबा हसले तेव्हापासून."

मला वाटायचं तिनं बघितलं नसंल. फोटोवाल्याकडं तोंड होतं तिचं. वहिनी बोलल्या ते तिला नवीन नव्हतं. तसलं ती शाळेपासून ऐकते. मी नवीन होतो.

येताना फेरीबोटीवर दोघं कठड्याला उभे. मी म्हणालो, "चुकलो गं." ती म्हणाली, "आईलापण असंच म्हणाला होतात का?"

न्हाय. आईला कधीच म्हणालो नाही. आता कुठं जाऊन म्हणू? वरच्या अर्ध्या तोंडाला?

दुसऱ्या दिवशी वहिनी ओट्यावर पाहुण्यांना चहा देत होत्या. मी समोर उभा राहिलो. "फोटोच्या दिवशी तुम्ही माझ्या लेकीच्या तोंडाला नाव ठेवलंत. मी हसलो. ते हसणं माझं नव्हतं. परत घेतो."

"सकाळी सकाळी घेतलीस का रे?"

"घेतली न्हाय. आणि रे न्हाय. अहो म्हणा."

पाहुणे कपात बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." मी पहार भिंतीला टेकवली आणि निघालो. सुजाता आत फोनवर होती. ती उठली नाही. मी उठ म्हणालोपण नाही. काम तिचं. घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही.

दातांच्या डॉक्टरची तारीख तिनं ठेवली आहे. मी सोबत जाणार. हनुवटी ठेवायची का बदलायची, तिचं तोंड, ती ठरवील. बदललीन तर तिच्या आईचं तोंड या जगात कुठंच राहणार नाही. ते मी सोसीन. तिच्यापुढं एक शब्द काढणार नाही. एवढंच विचारीन, आरसा तुझा आहे का वहिनींचा?

बाकी माझं ठरलंय. मला दात थोडेच उरलेत. ते आता कुणाच्या ओट्यापुढं दिसणार नाहीत.