सत्त्याहत्तर रुपये बत्तीस पैसे

रजनी,

कलकत्त्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगितलंय. सालस, मनमिळाऊ, सेवाभावी असं काहीतरी त्यांना हवं असणार. तू यातलं काहीच नव्हतीस. तू हट्टी होतीस, सकाळी सहाला फोन करायचीस आणि मी "हॅलो" म्हणायच्या आत मुद्द्यावर यायचीस. म्हणून त्यांना सांगायच्या ऐवजी तुलाच सांगते. वाचणारे वाचतील.

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांच्यासाठी एवढंच. जन्म कलकत्त्याचा, शाळा बंगाली माध्यमाची, घर डमडमला भाड्याच्या दोन खोल्या. छत्तीस वर्षं गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेब खात्यात, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाऊन येऊन. मराठी चांगलं, पण बंगालीच्या सवयीने "चहा खाल्ला का?" असं विचारायचीस. मी पुण्याची, शाळेत भूगोल शिकवलेली. मी पहिली दहा वर्षं तुला सुधारत राहिले आणि मग मीही चहा खायला लागले.

आणि वडील, श्यामराव. वजनमापांचे निरीक्षक. वाईहून इकडे आले आणि जन्मभर बाजारात दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडले. त्यांच्या सचोटीची किंमत घरात कुणी मोजली, तर तू. तेवीस वर्षांची असताना तुझं लग्न ठरलं होतं. मुलाच्या काकांचं तेलाचं दुकान होतं आणि त्यांच्यावर श्यामरावांनी खटला भरलेला होता. काका म्हणाले, आता आपण व्याही होणार, तेवढं मिटवा. श्यामराव म्हणाले, मिटणार नाही. लग्न मोडलं. पुन्हा जमलं नाही. तू हे मला एकदाच सांगितलंस, आणि तेही अभिमानाने. "बाबांनी दुसरं काय करायचं होतं?" म्हणालीस. ऑफिसात कंत्राटदाराने दिलेलं कॅलेंडरसुद्धा तू परत पाठवायचीस ते याच जोरावर.

मग गेल्या वर्षी एप्रिलात घराला रंग लावायचा म्हणून तू माळा रिकामा केलास. भंगारवाल्याने श्यामरावांच्या जुन्या तराजूची लाकडी पेटी उचलली, आणि तिच्या तळाचा, कधी न उघडणारा खण धाडकन बाहेर आला. आत त्रेचाळीस खाकी पाकिटं. प्रत्येकात एक जुना चांदीचा रुपया, इंग्रजांच्या काळातला. पाकिटावर बंगालीत दुकानाचं नाव आणि खाली एक आकडा.

"शारदाताई, बाबा घूस खात होते." सकाळी सहा वाजून दोन मिनिटं.

"काहीतरी बोलू नकोस."

"लिहून ठेवलंय त्यांनी. प्रत्येक दुकानाचं नाव आणि रक्कम. सत्त्याहत्तर रुपये बत्तीस पैसे. सत्त्याहत्तर रुपये चोवीस पैसे. सगळीकडे सत्त्याहत्तर. दर ठरलेला होता त्यांचा."

"लाच कुणी बत्तीस पैशांसकट घेतं का?"

"बाबा हिशेबाचे पक्के होते."

मी हसले. तू फोन ठेवलास. ते हसणं तू मला बरेच दिवस ऐकवलंस.

मला खरं म्हणजे या प्रकरणाचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, माणूस जाऊन तीस वर्षं झाली, नाणी मोडून टाक आणि त्या पैशांत एसी बसव. पण तुला नाण्यांची किंमत हवी होती, आणि ती विकण्यासाठी नव्हे. दुर्मिळ, महागडी निघाली तर बाबांनी निवडून निवडून घेतली असं ठरणार होतं. म्हणून आपण मे महिन्यात भर अकरा वाजता जुन्या नाण्यांच्या त्या दुकानात गेलो. तू नाणी रुमालात बांधून आणली होतीस. पाकिटं घरीच. ती पाकिटं मी त्या दिवशी नुसती बघितली असती तर पुढचं काही झालंच नसतं, पण मी मागितली नाहीत आणि तू दाखवली नाहीस.

दुकानदाराने भिंग लावून दहा-बारा नाणी पाहिली, मग भिंग ठेवून दिलं. "मासीमा, सगळी नेहमीची सालं. आणि झिजलेली. चांदीच्या भावाने घेईन, वर काही नाही." मग एकेक नाणं छोट्या विजेच्या काट्यावर ठेवत गेला. "न झिजलेला असा रुपया अकरा ग्रॅम सहासष्ट असतो. यातला एकही भरत नाही. अकरा तीस, अकरा चोवीस. ज्याने कुणी जमवली त्याला नजर नव्हती."

"किंवा मिळेल ते घेत होता," तू म्हणालीस.

"मासीमा, घेणारा माणूस चांगलं बघून घेतो."

हे वाक्य तुझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही. मला खाली थांबवून ठेवलेल्या टॅक्सीची घाई होती.

त्यानंतर तू गप्प बसशील असं मला वाटलं. तू परतफेड सुरू केलीस. त्रेचाळीसमधली दोनच दुकानं अजून त्या नावाने चालू होती, हे तू महिनाभर उन्हात हिंडून शोधून काढलंस. पहिलं तुझ्याच डमडममधलं मिठाईचं दुकान. मला न सांगता गेलीस. गल्ल्यावर चाळिशीचा नातू बसलेला. त्याच्यासमोर नाणं ठेवून म्हणालीस, "माझ्या वडिलांनी हे तुमच्या आजोबांकडून घेतलं होतं. वर सत्त्याहत्तर रुपयेही घेतले. तेही द्यायला आलेय."

त्याने पैसे नाकारले, नाणं ठेवून घेतलं. आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "बघा, बाप घूसखोर आणि मुलगी सोनं." तुला एक संदेश, ती छेन्याची मिठाई, खाऊ घातला. तू तो खाल्लास. दुसऱ्या दिवसापासून मेट्रोला जाताना ती गल्ली टाळून पलीकडून वळसा घ्यायला लागलीस.

"मला एवढंच कळत नाही, शारदाताई," तू फोनवर म्हणालीस, "त्रेचाळीस ठिकाणी घेतले, मग माझ्याच वेळी तत्त्व कुठून आठवलं त्यांना?"

हे ऐकून दुसऱ्या दुकानाला मी तुझ्याबरोबर आले. ते बराकपूरला. मी सियालदाहून बसले, तू डमडमला त्याच डब्यात चढलीस. बसायला मिळाल्यावर तू पर्समधून पाकीट काढून माझ्या हातात दिलंस. "हे बघा, तुम्हाला खोटं वाटतं ना."

मी चष्मा लावला. वरचं बंगाली नाव मला जुळवत जुळवत वाचावं लागलं. खालचा आकडा मात्र लगेच वाचला.

"अकरा पॉइंट बत्तीस."

"सत्त्याहत्तर."

"अगं, अकरा. हा आपला एक आहे. आपला मराठी."

बंगालीतला सात हुबेहूब आपल्या एकासारखा दिसतो. वेटोळं आणि शेपूट. दोन, तीन, चार तर दोन्हीकडे जवळपास सारखेच. श्यामरावांनी दुकानांची नावं बंगालीत लिहिली, कारण पाट्या बंगालीत होत्या. आकडे मराठीत लिहिले, कारण माणूस मोजतो आपल्या भाषेत. आणि तुला मराठी आकडे येत नव्हते असं नाही, पण वर बंगाली अक्षर असलं की बंगाली शाळेतला डोळा खाली बंगालीच वाचणार. हिशेब खात्यात छत्तीस वर्षं काढलेली बाई.

"अकरा काय?" तू विचारलंस.

"ग्रॅम. त्या भिंगवाल्याने काय सांगितलं होतं?"

सोदपूर गेलं, टिटागड गेलं. माझ्या हातून परत घेतलेलं पाकीट तू उलटसुलट करत होतीस. तुझं बोट त्या आकड्यावरून फिरत होतं, लहान मूल पाटीवर गिरवतं तसं.

बराकपूरचं दुकान किराणा-मसाल्याचं. मागच्या खाटेवर नव्वदीला टेकलेले म्हातारे बसलेले. तू वडिलांचं वर्णन केलंस, म्हणजे उंच, काळी टोपी, बंगाली बोलताना र घोळवणारे, आणि ते लगेच म्हणाले, "मराठी इन्स्पेक्टर."

मग त्यांनी सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहिते. तेव्हा तोळे जाऊन ग्रॅम नुकते आले होते. चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, या हिशेबाने निम्मा बाजार अजून केशर-वेलदोडे रुपयाने जोखत होता. झिजलेल्या रुपयाने माल कमी जायचा, आणि नवी वजनं गरीब दुकानदारापर्यंत पोचली नव्हती. खटला भरायचा तर सगळ्यांवरच भरावा लागला असता. "तुझ्या बापाने माझा रुपया काट्यावर ठेवला, आकडा लिहिला आणि म्हणाला, चोर हा रुपया आहे, तू नाहीस. रुपया घेऊन गेला, म्हणजे मी पुन्हा वापरायला नको. बदल्यात हे दिलं." गल्ल्याच्या कोपऱ्यातून त्यांनी पितळेचं दहा ग्रॅमचं वजन काढलं. "वर रुपयाची किंमत दिली, माझ्या हिशेबाने थोडी जास्तच. माझ्या धाकट्या भावाने तेलवाल्यांची नक्कल करून काट्याच्या पारड्याखाली मेण लावलं होतं, त्याच्यावर मात्र खटला भरला. मी पाय धरले. ऐकलं नाही."

"सत्त्याहत्तर रुपये दिले होते तुम्ही त्यांना?" तुला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

म्हातारे हसता हसता खोकले. "सत्त्याहत्तरात मी दुकान विकलं असतं, मा."

झीज म्हणजे अडाणीपणा, तो माफ. मेण म्हणजे लबाडी, ती नाही. तुझं लग्न मोडणाऱ्या त्या तेलवाल्या काकांनी काय केलं होतं, हे तुला त्या खाटेसमोर उभं असताना कळलं. तू रडली नाहीस. म्हाताऱ्यांना म्हणालीस, "चहा खाणार का? मी मागवते."

परतीच्या गाडीत तुला स्वस्थ बसवेना. डमडम यायच्या आधीच दाराशी उभी राहिलीस. "त्या मिठाईवाल्याला सांगायला हवं. आजच."

"आज दमलेय मी."

"मी एकटीने सांगितलं तर त्याला वाटेल पोरगी बापाची बाजू घेतेय. तुम्ही या. तुम्ही पुण्याच्या, मास्तरीण. त्याला पाकिटावरचा एकाचा आकडा दाखवा आणि मराठीत लिहून दाखवा. ते नाणं राहू दे त्याच्याकडे, मला नको. फक्त त्याने चार गिऱ्हाइकांदेखत म्हटलंय ना, तसंच चौघांदेखत मागे घ्यावं." आणि त्याच्या दुकानाचं पाकीट माझ्या पर्समध्ये टाकून उतरलीस.

मी सोमवार म्हटलं. सोमवारी गुडघा. मग पाऊस, मग माझा मोतीबिंदू, मग दुर्गापूजेची गर्दी. तू दर आठवड्याला विचारायचीस, सकाळी सहाला, आणि मी दर वेळी खरंच जाणार असायचे. डिसेंबरात तू गेलीस. तोवर तो वळसा घेऊनच मेट्रोला जात होतीस, हे मला तुझ्या भाचीने, जान्हवीने सांगितलं.

फेब्रुवारीत तिला माझ्याकडे असलेली तुझ्या घराची किल्ली द्यायला मी डमडमला उतरले होते. दुकान उघडं होतं, नातू गल्ल्यावर होता, गिऱ्हाइकं चारपेक्षा जास्त होती. मी पायरीपर्यंत जाऊन मागे फिरले. पाकीट घरी, दुसऱ्या पर्समध्ये राहिलं होतं.