अष्टमीतली चांगली आळी

नव्वदच्या सुमाराला रोह्यात कंपन्यांच्या माणसांना भाड्याच्या खोल्या पुरत नव्हत्या. वडिलांनी पेणजवळच्या मिठागरात जन्म काढला, गुडघे गमावले. रोह्यात एक खोली घ्यायची आणि तिच्या भाड्यावर त्यांचं म्हातारपण निभवायचं, असं ठरलं. आळी पारखायचं काम माझं, कारण मी कंपनीत चिकटलेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा.

मी दोरीवरच्या कपड्यांवरून आळ्या जोखत होतो. कंपनीचा गणवेश वाळत असला की आळी पास. नदीकडच्या आळीत मात्र दारोदार खारवलेले मासे वाळत होते. वडील तिथंच रेंगाळले. एका बाईला आमच्या बोलीत सांगू लागले, मीठ कमी पडलंय. मी नाकाला रुमाल लावला आणि इथं चांगला भाडेकरू फिरकणार नाही, असं मोठ्यानं म्हणालो. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

पुलापलीकडे अष्टमी गावात मनासारखी आळी सापडली. झाडलेली अंगणं, हळू बोलणारी माणसं. शेजाऱ्यांची एकच अट होती, मासे खाणारा भाडेकरू नको. मी लगेच शब्द दिला आणि खोली विकत घेतली.

पुढे आई गेली. माझ्या दोन खोल्यांत आधीच दाटी, म्हणून भाडेकरू सोडून गेल्यावर वडिलांना तिथं ठेवलं. आठवड्याभरात त्यांनी अंगणात मासे वाळत घातले. शेजारी त्यांना एक शब्द बोलले नाहीत, माझ्याकडे आले. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, तीही हळू आवाजात. मी वडिलांना मासे उचलायला लावले. पावसाळाभर ते वरणभात खात, दार लावून बसून राहिले. एक दिवस म्हणाले, "मना त्या नदीकडच्या आलीन खोली बघ. भाड्याची चालंल."

स्वतःची खोली असून बापासाठी भाड्याची खोली शोधत मी त्या आळीत गेलो. मिठाचं ज्यांनी सांगितलं होतं ते माझे वडील, त्यांच्यासाठीच खोली हवी, असं त्या बाईला सांगितलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. मी दोरीवरचे कपडे न्याहाळायचो, तसंच.

"रुमाल लावलावतास, तोच ना तू?" ती म्हणाली. "तुज्या बापाला देतंय खोली. तुला नसती दिली."